अहवाल ‘नॉर्मल’, तरी गर्दीत शब्द कळत नाहीत

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे आहे. गेली दोन-तीन वर्षे, चार माणसे एकाच वेळी बोलू लागली की समोरच्या माणसाचे बोलणे मला नीट उलगडत नाही. आवाज ऐकू येतो, पण शब्द हाती लागत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या बैठका मातृभाषेत होत नाहीत; तिथे तर हा त्रास दुपटीने जाणवतो. श्रवणचाचणी करून घेतली. दोन्ही कानांचा ऑडिओग्राम नॉर्मल आला आणि ‘कान ठणठणीत आहेत, लक्ष देऊन ऐकत जा’ असे सांगून मला परत पाठवण्यात आले. घरीही हेच ऐकतो. मी वाचत बसलो असताना पत्नीने मारलेल्या हाका मला खरोखरच ऐकू येत नाहीत, पण मी मुद्दाम दुर्लक्ष करतो असा तिचा समज झाला आहे. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मागे उजव्या कानाला जंतुसंसर्ग झाला तेव्हा त्यात औषधाची वात बसवली होती. पहिले काही दिवस फोन कोणत्या खोलीत वाजतो आहे हेही कळेना. पुढे आठवड्याभरात, वात कानात असतानाच, अंदाज बराच जमू लागला. मेंदूकडून कानाकडे उलट दिशेने संदेश जातात असे अलीकडे वाचनात आले. ते खरे असेल तर माझे हे संदेश बिघडले आहेत का? दोष माझ्या लक्ष देण्यात आहे का? आणि मोबाइलवरचे ‘श्रवण-व्यायाम’ करून तो दूर होईल का?

— एक वाचक

उत्तर : आधी थेट उत्तर देतो, मग त्यामागची हकीकत सांगतो. मेंदूकडून कानाकडे संदेश जातात, हे खरे आहे. तुमच्या बाबतीत ते बिघडले आहेत असा निर्वाळा देणारी नेहमीच्या वापरातील कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही, त्यामुळे तसे कोणी छातीठोकपणे सांगितले तर विश्वास ठेवू नका. तुमचा अहवाल नॉर्मल असणे आणि तुमची तक्रार खरी असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी संभवतात. आणि ‘लक्ष देऊन ऐकत जा’ असे सांगून तुम्हाला ज्यांनी परत पाठवले, त्यांनी शरीराचे एक अवघड काम तुमच्या स्वभावदोषाच्या खात्यात टाकून दिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठ्यपुस्तकात श्रवणाचा जो मार्ग शिकवतात तो खालून वर जाणारा असतो. हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर येतात, मधल्या कानातील तीन हाडांच्या साखळीतून आतल्या कानातील कर्णशंबुकात, म्हणजे कॉक्लियात, शिरतात, तिथल्या केशपेशी त्यांचे विद्युत संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणाचा मज्जातंतू ते संदेश मस्तिष्कस्तंभातील, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या देठातील, पहिल्या ठाण्यावर, कॉक्लिअर न्यूक्लियसवर, नेऊन पोहोचवतो. तिथून ऑलिव्हरी कॉम्प्लेक्स, मग मध्यमेंदूतील इन्फीरिअर कॉलिक्युलस, मग थॅलॅमसमधील मेडियल जेनिक्युलेट बॉडी आणि शेवटी साधारण कानशिलाच्या आतल्या बाजूस असलेले श्रवण कॉर्टेक्स, असा हा आरोही मार्ग आहे. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. वाटेत तीन-चार ठाणी आहेत आणि प्रत्येक ठाण्यावर संदेशावर काही ना काही संस्कार होतो, एवढे ध्यानात असले तरी पुरे.

गाण्यात आरोहाला अवरोह असतो तसा याही मार्गाला आहे, आणि तो मुळीच दुय्यम नाही. कॉर्टेक्स म्हणजे एकावर एक सहा थर असलेली पेशींची चादर. तिच्या पाचव्या आणि सहाव्या थरांतील पेशींचे तंतू खाली उतरतात. सहाव्या थरातले मुख्यतः थॅलॅमसकडे जातात, तर पाचव्या थरातले थॅलॅमसपाशी न थांबता मध्यमेंदूपर्यंत आणि काही थेट मस्तिष्कस्तंभातील ठाण्यांपर्यंत पोहोचतात. थॅलॅमसकडून कॉर्टेक्सकडे जितके तंतू वर जातात त्यांच्या कित्येक पट तंतू कॉर्टेक्सकडून थॅलॅमसकडे खाली येतात. विद्यार्थी असताना हे प्रथम वाचले तेव्हा छापताना दोन्ही आकड्यांची अदलाबदल झाली असावी असे मला वाटले होते.

या अवरोहाचा शेवटचा टप्पा कानातच जाऊन संपतो. १९४६ साली ग्रँट रासमुसेन या शरीररचनाशास्त्रज्ञांनी मस्तिष्कस्तंभातील ऑलिव्हरी भागातून निघून आतल्या कानात शिरणाऱ्या तंतूंच्या जुडग्याचे वर्णन केले. दहा वर्षांनी, १९५६ साली, रॉबर्ट गॅलम्बॉस यांनी मांजरांमध्ये याच तंतूंना विजेचे सौम्य उत्तेजन दिले, तेव्हा कानाकडून मेंदूकडे जाणारा प्रतिसाद घटल्याचे त्यांना दिसले. म्हणजे कानात आवाज पूर्वीइतकाच पडत होता, पण वर जाणारी बातमी वरच्याच हुकमाने लहान झाली होती.

हे घडते कसे, हे समजून घेण्यासाठी कर्णशंबुकात क्षणभर डोकवावे लागेल. तिथे दोन जातींच्या केशपेशी असतात. आतल्या बाजूच्या पेशी एका ओळीत, माणसाच्या एका कानात सुमारे ३,५०० असतात. बाहेरच्या बाजूच्या पेशी बहुतांशी तीन ओळींत, सुमारे १२,००० असतात. गंमत अशी की मेंदूकडे बातमी नेणाऱ्या तंतूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक तंतू या कमी संख्येच्या आतल्या पेशींनाच जोडलेले आहेत. मग बाहेरच्या तिप्पट पेशी करतात काय? तर त्या हलतात. पेशीतील विद्युत दाब बदलला की त्यांचे शरीर खरोखरच आखूड किंवा लांब होते, हे १९८५ साली विल्यम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. आवाजाच्या तालावर होणाऱ्या या हालचालीमुळे कर्णशंबुकातील पडद्याचे कंपन मोठे होते आणि त्यामुळेच कुजबुज ऐकू येते. थोडक्यात, बाहेरच्या केशपेशी हा कानाचा अँप्लिफायर आहे. त्याच्या कामाचा एक सूक्ष्म प्रतिध्वनी कानातून बाहेरही पडतो. १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी तो नोंदवला आणि आज नवजात बाळांची श्रवणतपासणी बऱ्याच ठिकाणी त्याच्या आधारे केली जाते.

वरून येणाऱ्या जुडग्यातील जाड तंतू नेमके या बाहेरच्या पेशींवर जाऊन टेकतात. त्यांच्या टोकांतून असिटिलकोलीन हे रसायन सुटते, पेशीची हालचाल मंदावते आणि अँप्लिफायरचा जोर कमी होतो. बारीक तंतूंचा दुसरा एक गट आतल्या पेशींखालच्या मज्जातंतूंवर उतरतो. त्याचे काम अधिक संथ आहे आणि तुमच्या प्रश्नापुरते ते बाजूला ठेवू.

आता कोणी विचारील की, गर्दीत आधीच ऐकू येत नाही, तिथे आवाजाचा जोर कमी करून फायदा काय? प्रश्न रास्त आहे. सतत घोंगावणारा गोंगाट श्रवणतंतूंना इतका गुंतवून ठेवतो की मध्येच एखादा ‘प’ किंवा ‘त’ उमटला तर त्याची दखल घ्यायला त्यांच्यात दम उरलेला नसतो. अँप्लिफायरचा जोर खाली आणला की त्या संथ गोंगाटाला मिळणारा प्रतिसाद खाली बसतो, तंतूंना श्वास मिळतो आणि क्षणभर टिकणारे व्यंजन त्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. आता तुमच्या चाचणीची गंमत पाहा. ऑडिओग्राम आवाजबंद खोलीत काढतात, साधारण २५० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यानचे एकेक शुद्ध स्वर ऐकवतात आणि सर्वांत हलका कोणता ऐकू आला एवढेच नोंदवतात. खालच्या पेशी शाबूत आहेत की नाहीत हे त्यातून उत्तम कळते. परंतु शांततेत ज्या यंत्रणेला फारसे कामच नसते तिची परीक्षा शांततेत कशी होणार? पोहता येते का, हे पाहण्यासाठी माणसाला अंगणात चालवून पाहावे, तसा हा प्रकार आहे.

वाचताना हाका ऐकू न येण्याबद्दल. या विषयाचा इतिहास एका मांजरापासून सुरू होतो. १९५६ साली राउल एर्नांदेझ-पेऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या कॉक्लिअर न्यूक्लियसमध्ये, म्हणजे कानानंतरच्या पहिल्याच ठाण्यावर, बारीक तारा बसवून त्याला टिकटिक ऐकवली. शांत बसलेल्या मांजरात प्रत्येक टिकेला ठसठशीत प्रतिसाद मिळत होता. मग त्याच्यासमोर काचेच्या बरणीत उंदीर ठेवले. मांजर बरणीकडे टक लावून पाहू लागले आणि टिकटिक तशीच चालू असताना तिचा प्रतिसाद जवळजवळ मावळला. हा प्रयोग अतिशय गाजला, पण त्यावर आक्षेपही रास्तच घेतले गेले: आवाज खोलीतल्या ध्वनिक्षेपकातून येत होता, मांजराने मान वळवली किंवा कान हलवले की कानात पडणारा आवाजच बदलणार, आणि मधल्या कानातले स्नायू आखडले तरी तो कमी होणार. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण आजही अनेक लोकप्रिय लेखांत ती बरणी येते, आक्षेप येत नाहीत.

पुढे २००७ साली पॉल डेलानो आणि सहकाऱ्यांनी चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. प्राणी डोळ्यांनी दिव्यांकडे बारीक लक्ष देत असताना श्रवणाच्या मज्जातंतूचा प्रतिसाद खाली गेला, आणि कर्णशंबुकातील विद्युत खुणाही अवरोही तंतू कामाला लागल्यावर दिसाव्यात तशाच बदलल्या. मराठीने दुर्लक्षासाठी ‘कानाडोळा’ हा शब्द घडवताना कान आणि डोळा एकत्र का आणले असतील ते ठाऊक नाही, पण शब्द विलक्षण नेमका निघाला. माणसांच्या बाबतीत मात्र थोडे जपून बोलावे लागते. डोळ्यांना अवघड काम दिले की कानावर पडलेला स्पष्ट आवाजही माणसे चुकवतात आणि त्या वेळी श्रवण कॉर्टेक्सचा सुरुवातीचाच प्रतिसाद क्षीण झालेला असतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. परंतु तो परिणाम कानापर्यंत उतरतो का, याविषयीचे निष्कर्ष लहान आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत. तुमच्या पत्नीला एवढे निश्चित सांगता येईल की वाचनात गढलेल्या माणसाला हाक ‘ऐकू येऊनही तो ओ देत नाही’ असे दर वेळी नसते. कित्येकदा ती हाक जाणिवेपर्यंत पोहोचलेलीच नसते. (हे उत्तर तुम्ही प्रत्येक हाकेसाठी वापरणार नाही, असे मी गृहीत धरतो.)

तुमच्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे कानातली वात. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. ‘किंचित’ म्हणजे किती, तर हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या सुमारे सात-दशांशाइतका असतो. एका कानात वात बसली की त्या बाजूचा आवाज दबतो, तुलनेचे गणित फसते आणि फोन भलत्याच खोलीत वाजतो आहे असे वाटते. पुढे तुमचा अंदाज सुधारला तो कान सुधारला म्हणून नव्हे, वात तर जागच्या जागीच होती. सुधारले ते गणित.

ऑक्सफर्ड येथील व्हिक्टोरिया बाहो, अँड्र्यू किंग आणि सहकाऱ्यांनी २०१० साली फेरेट या मुंगुसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर केलेला प्रयोग इथे जसाच्या तसा लागू पडतो. गोलाकार रिंगणात सभोवार बारा ध्वनिक्षेपक, मध्यभागी फेरेट. ज्या ध्वनिक्षेपकातून आवाज आला त्याच्याकडे तो गेला तर बक्षीस म्हणून पाणी. एका कानात बूच बसवले की तो चुकू लागतो, पण रोजच्या सरावाने हळूहळू पुन्हा शिकतो. संशोधकांनी काही प्राण्यांमध्ये मध्यमेंदूतील ठाण्यात प्रकाशाने सक्रिय होणारे द्रव्य सोडले. ते द्रव्य तिथे उतरणाऱ्या तंतूंमधून उलटे वर चढत कॉर्टेक्सच्या पाचव्या थरातील नेमक्या मूळ पेशींत जाऊन बसले आणि मग कॉर्टेक्सवर लेझरचा प्रकाश टाकल्यावर बऱ्याचशा तेवढ्याच पेशी नष्ट झाल्या. आजूबाजूच्या पेशी, वर जाणारा मार्ग, कान, हे सगळे शाबूत राहिले. या प्राण्यांना बुचाशिवाय दिशा पूर्वीसारखीच ओळखता येत होती. बूच बसवल्यावर मात्र ते चुकू लागले आणि रोज सराव देऊनही चुकतच राहिले.

हा निष्कर्ष मला अवरोही मार्गाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. रोजचे, सवयीचे ऐकणे या तंतूंवाचून चालते. परिस्थिती बदलल्यावर ऐकण्याची घडी नव्याने बसवणे त्यांच्यावाचून होत नाही. प्रयोग फेरेटवर झाला आहे आणि तुमच्या मेंदूत कोणी डोकावलेले नाही, हे मान्य करूनही मी म्हणेन की आठवड्याभरात ज्याचा अंदाज परत जमू लागला, त्याच्या ‘उलट संदेशां’विषयी काळजी करण्याचे मला कारण दिसत नाही. निदान ही एक गोष्ट तरी तुमच्या बाजूने आहे.

वटवाघळांवर आयुष्यभर काम केलेल्या नोबुओ सुगा यांनी याच यंत्रणेचे आणखी एक अंग दाखवले. कॉर्टेक्समध्ये विशिष्ट स्वराला प्रतिसाद देणाऱ्या मूठभर पेशींना त्यांनी उत्तेजन दिले, तेव्हा खालच्या ठाण्यांतील त्याच स्वराच्या पेशी अधिक जोमाने बोलू लागल्या आणि शेजारच्या पेशींची जुळणीही सरकली. कॉर्टेक्स आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या आवाजांकडे खालच्या ठाण्यांना अशा रीतीने वळवून घेते; सुगा त्याला आत्मकेंद्री निवड म्हणत. तुमच्या परभाषेतील बैठकांचा संबंध इथे येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या भाषेत स्वराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ बदलतो ती मँडरिन लहानपणापासून बोलणाऱ्यांच्या मस्तिष्कस्तंभात तो चढउतार इंग्रजी भाषकांच्या तुलनेत अधिक नेटका उमटतो, असे आढळले. वर्षानुवर्षे वरून खाली येणाऱ्या संदेशांनी ही ठाणी घडवली असावीत, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. ते पूर्ण बरोबर ठरो वा न ठरो, मातृभाषेत गाळलेला शब्द मेंदू अंदाजाने भरून काढतो आणि नंतर शिकलेल्या भाषेत तो अंदाज तोकडा पडतो, हे तर निर्विवाद आहे. म्हणून बैठकीत त्रास दुपटीने वाढणे हे बिघाडाचे लक्षण नाही. तुमच्याइतकी परभाषा येणाऱ्या कोणाचेही तसेच होईल.

एवढे सगळे वाचून ‘म्हणजे सारे काही अवरोही मार्गावर अवलंबून आहे’ असे वाटू लागण्याचा धोका असतो. त्यावर उतारा म्हणून एक मानवी पुरावा सांगतो. भोवळीच्या असाध्य विकारात कधी कधी शस्त्रक्रियेने तोलाचा मज्जातंतू कापतात. कानाकडे जाणारे अवरोही तंतू त्याच मज्जातंतूच्या सोबतीने प्रवास करत असल्यामुळे तेही तुटतात. बर्ट्राम शार्फ आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांची बारकाईने तपासणी केली. त्यांचे ऐकणे बहुतेक कसोट्यांवर जवळजवळ पूर्वीसारखेच निघाले. फरक पडला तो एका चमत्कारिक ठिकाणी. एका ठरावीक स्वराची वाट पाहत असताना मध्येच वेगळाच हलका स्वर आला, तर सर्वसाधारण माणूस तो चुकवतो. यांपैकी बहुतेकांना मात्र तो पूर्वीपेक्षा अधिक वेळा ऐकू येऊ लागला. अपेक्षित नसलेले गाळण्याचे काम सैल पडले होते. त्यामुळे कानाजवळच्या या शेवटच्या टप्प्याला श्रवणाचा राजा समजू नये. त्याची मदत मोजकी आणि विशिष्ट प्रसंगी होणारी आहे, आणि वरच्या टप्प्यांचे काम कानातल्या टप्प्यापेक्षा वेगळे आहे.

मग तुमचा त्रास कशामुळे असेल? चाळिशीनंतर ८,००० हर्ट्झच्या वरचे, नेहमीच्या चाचणीत न मोजले जाणारे स्वर हळूहळू मंदावतात. पूर्वी मोठ्या आवाजात बराच काळ घालवला असेल तर केशपेशी शाबूत राहूनही त्यांचे मज्जातंतूंशी असलेले जोड कमी होऊ शकतात. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांमध्ये दाखवले की एका मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी असे जोड मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेले होते. माणसांत हेच गर्दीतल्या अडचणीचे कारण आहे का, याचा निकाल अजून लागलेला नाही. याखेरीज अपुरी झोप, सततचा ताण आणि दिवसभर परभाषेत ऐकण्याचा शिणवटा ही साधी कारणे आहेतच; ती साधी आहेत म्हणून क्षुल्लक नव्हेत.

तेव्हा श्रवणतज्ज्ञांकडे पुन्हा जा, आणि या वेळी ‘ऐकू येत नाही’ असे न सांगता ‘गोंगाटात शब्द कळत नाहीत’ असे नेमके सांगा, कारण पहिल्या वाक्याने पुन्हा तोच ऑडिओग्राम निघेल. गोंगाटातील वाक्ये ओळखण्याची चाचणी आवर्जून मागा. तुमच्या मातृभाषेत ती उपलब्ध असेल तर मातृभाषेतच द्या, नाहीतर कानाऐवजी भाषेचीच परीक्षा होईल. सोबत ८,००० हर्ट्झच्या वरचे स्वर, मधल्या कानाच्या स्नायूंचा प्रतिक्षेप आणि कानातून परत येणारा तो सूक्ष्म प्रतिध्वनी, यांच्या चाचण्या कराव्यात की नाही हे त्यांना विचारा. एका कानात गोंगाट सोडला की दुसऱ्या कानातला प्रतिध्वनी किंचित लहान होतो, आणि प्रयोगशाळेत अवरोही तंतूंचे काम असेच मोजतात. पण माणसामाणसांत त्याचे प्रमाण इतके बदलते की एका रुग्णाच्या आकड्यावरून निदान करणे मला योग्य वाटत नाही. कोणी या आकड्याच्या जोरावर उपचार विकू लागले तर तिथून उठा.

मोबाइलवरच्या व्यायामांबद्दल. २००८ सालच्या एका अभ्यासात काही दिवस गोंगाटात अक्षरे ओळखण्याचा सराव दिल्यावर ज्यांची प्रगती झाली, त्यांच्यात सुरुवातीला क्षीण असलेले अवरोही तंतूंचे काम सरावानंतर वाढलेले दिसले. बातमी उत्साहवर्धक आहे, परंतु अशा सरावाची सर्वसाधारण खोड अशी की ज्या गोष्टीचा सराव करावा तीच सुधारते आणि प्रत्यक्ष चारचौघांतल्या संभाषणात त्याचा लाभ थोडाच उतरतो. करायचे तर करा, नुकसान नाही. पैसे मोजून करू नका. त्यापेक्षा ज्या सहकाऱ्याचे बोलणे सर्वांत कमी कळते त्याच्याशी रोज थोडा वेळ समोरासमोर बोला, कारण ओळखीच्या आवाजाला मेंदू गोंगाटातून लवकर वेचून काढतो.

बैठकीत भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे मागून येणारा गोंगाट कमी होईल, आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसतील अशी जागा घ्या. विषयपत्रिका आदल्या दिवशी मागून वाचून ठेवा. कोणते शब्द येणार हे आधी ठाऊक असले की अर्धे काम झालेले असते. कानात कापूस किंवा बूच घालून शांतता शोधण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. खरोखर मोठ्या आवाजात ते जरूर वापरावे, पण एरवी सतत वापरले तर मेंदू आतला जोर वाढवून ठेवतो आणि मग साधे आवाजही टोचू लागतात. घरी पत्नीला सांगा की तुम्ही वाचत असताना आधी केवळ नावाने हाक मारावी, तुम्ही मान वर करेपर्यंत थांबावे आणि मगच मजकूर सांगावा. मान वर करण्याचे काम तुमचे.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक उतरले, किंवा ऐकणे कमी होण्याबरोबर भोवळ आली, तर हे सगळे अवरोही-आरोही बाजूला ठेवून, या सदराला पत्र लिहीत न बसता, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवा. त्या प्रसंगी उपचारांना मिळणारे यश दिवसागणिक घटत जाते. एकाच कानात सतत वाजू लागले किंवा दोन कानांत हळूहळू फरक पडत असल्याचे जाणवले, तर इतकी धावपळ नको, पण वेळ घेऊन दाखवून या.